पोरीला सिनेमात द्यावी का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात सिनेमात काम करणाऱ्या मुलांबद्दलची पत्रं बरीच आली. अत्याचार, आत्महत्या, दंगल असल्या विषयांवरच्या सिनेमांत लहान मुलांना घ्यावं की नाही, हा बहुतेकांचा मूळ प्रश्न. सारखी पत्रं एकत्र केली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, चौथीत. नाट्यशिबिरात तिला एका दिग्दर्शकांनी पाहिलं आणि सिनेमासाठी विचारलं. शेजारचा माणूस एका लहान मुलीशी गैरवर्तन करतो, अशी गोष्ट आहे. "पडद्यावर आम्ही तसलं काहीच दाखवणार नाही," असं ते सांगतात. शूटिंग इगतपुरीला, बारा दिवस. सासूबाई ठाम नाही म्हणतात, मुलगी मात्र आनंदाने नाचते आहे. काय करावं?
– एक आई, नाशिकरोड

ताई, पडद्यावर काय दिसणार याची काळजी प्रेक्षकाने करावी. तुम्ही विचारायचं ते असं : सेटवर माझ्या मुलीला काय करावं लागेल, तिला काय दिसेल आणि काय ऐकू येईल? गोष्ट ऐकून हो किंवा नाही म्हणू नका. तिचं काम असलेल्या प्रसंगांची पानं मागून घ्या आणि प्रत्येक प्रसंगासमोर पेन्सिलीने लिहा : खोलीत आणखी कोण आहे, तिला कोण हात लावतं, कुठे लावतं, तिच्या कानावर कोणते संवाद पडतात. "ते सेटवर बघू, लहान मुलं उत्स्फूर्तच छान करतात," असं उत्तर आलं, तर नम्रपणे चहा घेऊन परत या. विषय भयंकर पण आखणी चोख, असा सिनेमा मुलाला सहसा सोसतो. विषय गोड आणि सेट भोंगळ असेल, तर नऊ वर्षांचं पोर रात्री अकरापर्यंत मेकअप लावून ताटकळतं, आणि त्याबद्दल कुणी पत्रसुद्धा लिहीत नाही.

एक प्रसंग उलगडून बघू. तो माणूस खोलीत येतो, मुलीशेजारी बसतो, दार लोटलं जातं. प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. पण शूट करताना याचे तुकडे होतात. मुलगी चित्रं रंगवते आहे, हा एक शॉट. ती मान वर करून दाराकडे बघते, हा दुसरा. त्या वेळी दारात ते नट उभे असण्याची काही गरज नसते, तिथे तुम्ही उभ्या राहू शकता. माणसाची पावलं आणि लोटलं जाणारं दार, हा तिसरा. तो ती घरी गेल्यावरही घेता येतो. खडू हातातून खाली पडतो, हा चौथा. हात कुणाही बारीक चणीच्या मोठ्या बाईचा चालतो. दिग्दर्शकांना हा प्रसंग अशा तुकड्यांत कागदावर मांडून दाखवायला सांगा. ज्यांनी खरंच विचार केलेला असतो, ते दहा मिनिटांत मांडतात.

दोघं एकाच चौकटीत दिसणं अटळच असेल, तर त्या नटाची आणि मुलीची ओळख आधी, तुमच्या देखत, साध्या कपड्यांत झाली पाहिजे. हात खांद्यावर ठेवायचा असेल तर तो कुठे, किती सेकंद आणि कोणत्या शब्दावर काढायचा, हे नाचाच्या पावलांसारखं मोजून बसवतात आणि तालमीत ती मुलगी सांगेल तसंच होतं. "भूमिकेत राहण्यासाठी" सेटवर दिवसभर मुलीशी तुसडेपणाने वागणारा नट असेल, तर त्याला तो नाद मोठ्यांसमोर करायला सांगावा.

आता तिला काय सांगायचं. स्टॅनली कुब्रिकच्या 'द शायनिंग' (1980) मधल्या छोट्या डॅनी लॉइडला आपण भयपटात काम करतो आहोत हे शूटिंगभर कळू दिलं नव्हतं, हे उदाहरण फार ऐकवलं जातं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तसं झाकून ठेवता येतं. नऊ वर्षांच्या मुलीला नाही. तिच्या शाळेत चांगला स्पर्श, वाईट स्पर्श शिकवून झालेलं असतं आणि चौथ्या दिवशी स्पॉटबॉयच्या गप्पांतून तिला सगळं कळतं. आपल्याशी आई खोटं बोलली, एवढंच मग डोक्यात राहतं. तेव्हा थोडक्यात आणि खरं सांगा : "या गोष्टीतल्या मुलीला एक माणूस तिला नको असलेला स्पर्श करतो. ती घाबरते. मग ती आईला सांगते आणि आई तिचं ऐकते. तू त्या मुलीचं काम करणार आहेस. तुला तसं कुणीही करणार नाही, आणि मी तिथेच असेन." ती विचारेल तेवढंच पुढे सांगा. पात्राचं नाव तिच्या स्वतःच्या नावापेक्षा वेगळं असू द्या. 'कट' झाल्यावर सेटवरच्या सगळ्यांनी तिला घरच्या नावाने हाक मारायची, हा नियम पहिल्या दिवशीच करून घ्या. खोटं खोटं चाललंय हे मुलांच्या डोक्याला कळतं. छातीतली धडधड मात्र खरीच असते. तासभर रडण्याचे टेक दिलेलं मूल खरोखरच थकतं. म्हणून जड प्रसंग सकाळी, न्याहारीनंतर, दिवसाला एकच आणि त्याचे तीनच टेक. त्यानंतर कपडे बदलायचे, तोंड धुवायचं, खाऊ खायचा आणि मग एखादा हलका शॉट घेऊन दिवस संपवायचा.

ऑडिशनबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण सांगून ठेवतो. ऑडिशनला तो अवघड प्रसंग करायला लावत असतील तर नकार द्या. कंपासपेटी हरवल्याचा प्रसंगही मुलीला अभिनय येतो की नाही हे दाखवायला पुरतो. ज्या पंचवीस मुली निवडल्या जात नाहीत, त्यांचेही व्हिडिओ कुणाच्या तरी मोबाइलमध्ये फिरत राहतात.

शूटिंगनंतर दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. खेळताना तो प्रसंग ती भावलीसोबत करून बघते, एवढ्याने घाबरू नका. मुलं अशीच गोष्टी पचवतात. पुन्हा अंथरूण ओलं होणं, रोज रात्री दचकून उठणं, तुम्हाला चिकटून राहणं, शाळेच्या वेळी पोट दुखणं, हे दोन आठवड्यांच्या पुढे चाललं तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. मुलीला पूर्वी असा काही अनुभव आलेला असेल, किंवा तशी शंका जरी असेल, तर ही भूमिका देऊच नका. तिथे आमचं उत्तर सरळ नाही असं आहे. आणि सासूबाईंना एक दिवस सेटवर घेऊन जा. शंकेखोर आजीइतकी चांगली राखणदार पैसे देऊनही मिळत नाही.

प्रश्न : मी निफाडचा, सिनेमाचं शिक्षण घेतो आहे. पंधरा मिनिटांचा लघुपट करतोय. शाळेतून घरी येणारा सात वर्षांचा मुलगा कांदाचाळीचं दार उघडतो आणि वडिलांनी गळफास घेतलेला पाहतो. आधी धावताना पडून त्याचा गुडघा फुटतो. मुलाला त्रास न देता हे खरं कसं वाटेल? सोबतची मंडळी म्हणतात, थोडं घाबरवल्याशिवाय चेहऱ्यावर ते येणार नाही.

सोबतच्या मंडळींना लेव कुलेशॉव वाचायला द्या. 1920 च्या सुमारास या रशियन दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा सूपची वाटी, शवपेटी अशा वेगवेगळ्या दृश्यांना जोडून दाखवला; प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी शोक. तुमच्या मुलाला रडायचंच नाहीये. त्याला फक्त थांबून बघायचं आहे.

दिवस असा लावा. मुलाचं काम सकाळी आठ ते अकरा. चाळीच्या दारासमोर कॅमेरा आत ठेवा, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे साधारण साडेतीन फुटांवर. कॅमेऱ्याच्या बाजूला काठीला बांधलेला ठिपक्यांचा रुमाल सात फुटांवर धरा. मुलाला जागच्या जागी वीस उड्या मारायला लावा, म्हणजे श्वास धावून आल्यासारखा लागेल. मग दार उघडून रुमालावरचे ठिपके मनातल्या मनात मोजायला सांगा. मोजताना माणसाची पापणी सहसा लवत नाही, तोंड किंचित उघडं राहतं. तुम्हाला हवा तो चेहरा हाच. पुढे काय आहे हे त्याला ठाऊक नसल्यामुळे नजर खोटी ठरेल, ही भीती बाळगू नका. नजरेची उंची बरोबर असली की काम होतं. दप्तर हातातून निसटतं तो शॉट वेगळा घ्या, म्हणजे चेहऱ्यावर एकाच वेळी दोन कामांचा ताण येत नाही.

मुलगा घरी गेला, गाडी गावाबाहेर पडली, की मगच दोर चढवा. पाठीवरून दिसणारे लोंबकळते पाय घेताना पुढे उभा असलेला मुलगा म्हणजे तोच शर्ट घातलेली एखादी ठेंगणी मोठी व्यक्ती. आईची किंकाळी शूटिंगच्या वेळी नकोच, नंतर स्वतंत्र रेकॉर्ड करा. हा क्रम उलटला की घोळ होतो : दोर बांधायला दोन तास जातात, मुलगा कंटाळून चाळीत शिरतो, जेवणाच्या सुट्टीत डमी तशीच लटकत राहते. फास एक मिनिटही उघडा लोंबकळत ठेवू नका आणि काम झालं की गाठ सोडून दोर गुंडाळून गाडीत टाका. पोरं पाहिलेलं करून बघतात. तुमच्या सगळ्या शूटिंगमधला जिवावर बेतणारा धोका हाच आहे, बाकीचे सावरता येतात. गावातलीच मुलं बघ्यांत असतील, तर त्यांनाही हे लागू.

रक्तासाठी एक वाटी कॉर्न सिरप, पाव चमचा लाल खाद्यरंग आणि चिमूटभर कोको पावडर. कोकोशिवाय ते सरबतासारखं गुलाबी दिसतं. हे मिश्रण त्या मुलालाच ढवळू द्या, चाटू द्या. मग त्याला गुडघ्यावरच्या रक्ताची भीती उरत नाही, उलट जास्त लावा म्हणून मागे लागतो. गोड असल्यामुळे मुंग्या आणि माश्या येतात, म्हणून आयत्या वेळी लावा आणि ओला पंचा हाताशी ठेवा. डोळ्यांच्या आसपास नको. अश्रू हवेच असतील तर औषधाच्या दुकानातल्या सलाइनचा थेंब गालावर. ग्लिसरीन किंवा मेंथॉल मुलाच्या डोळ्यांशी नेऊ नका.

मुलाला चिमटा काढणं, "तुझी आई तुला सोडून गेली" असं सांगणं, अचानक फटाका फोडणं, ह्या जुन्या युक्त्या अजून चालतात. त्यातून एक टेक मिळतो. दुसऱ्या टेकला मुलगा तुमच्याकडे बघत राहतो, कॅमेऱ्याकडे नव्हे, आणि तिसऱ्या दिवशी सेटवर यायचं नाही म्हणून भोकाड पसरतो. क्रूरपणा बाजूला ठेवला, तरी हे कामाच्या दृष्टीनेही महागात पडतं.

प्रश्न : आमच्या शाळेतील पाचवीच्या एका विद्यार्थ्याला शूटिंगसाठी महिनाभर रजा हवी आहे. कायदा काय सांगतो? पालक म्हणतात, निर्मात्याने सगळं बघितलं आहे.
– मुख्याध्यापिका, दिंडोरी तालुका

बाई, चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावायला बंदी आहे, पण 2016 च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्यात चित्रपट, मालिका आणि जाहिरातींतल्या कलाकार मुलांना सूट मिळाली. सूट सशर्त आहे आणि पहिली अट तुमच्याशीच संबंधित आहे : शिक्षणावर परिणाम होता कामा नये. 2017 च्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही आणि सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही. म्हणजे सलग तीस दिवसांच्या कामासाठी रजेचा अर्ज असेल, तर तो तिथेच अडतो.

"सगळं बघितलं आहे" याचा पुरावा म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी. जिथे शूटिंग होणार त्या जिल्ह्याची ती लागते, मूल राहतं तिथली नव्हे. इगतपुरीचं काम असेल तर नाशिकचं जिल्हाधिकारी कार्यालय. तीच मंडळी दुसऱ्या दिवशी घाट उतरून कसाऱ्याला गेली तर ठाणे जिल्हा सुरू होतो आणि तिथली वेगळी. निर्मात्याने नमुना 'क' मध्ये हमीपत्र द्यायचं असतं, सोबत मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचं नाव. अशी एक व्यक्ती जास्तीत जास्त पाच मुलांसाठी. हमीपत्र सहा महिने चालतं. पावसाळ्यात थांबलेलं शूटिंग दिवाळीनंतर सुरू झालं की ते संपलेलं असण्याची शक्यता असते आणि नेमकं तेच कुणी तपासत नाही.

शाळेने परवानगीची आणि हमीपत्राची छायाप्रत मागावी, रजा सलग न देता तुकड्यांत द्यावी आणि त्या दिवसांचा अभ्यास लेखी द्यावा. सेटवर शिकवणार कोण, कुठे आणि किती वाजता, हे निर्मात्याकडून लिहून घ्या. "व्हॅनिटीत पुस्तकं ठेवली आहेत" याला सोय म्हणत नाहीत. नियम कामाच्या तासांचा आहे. दिंडोरी ते इगतपुरी जाण्यायेण्याचे तास वेगळे शिणवतात, म्हणून घरातून निघण्याची आणि परतण्याची वेळ पालकांनी करारात घालावी.

पालकांना आणखी एक आठवण करा. मुलाच्या कमाईतला किमान 20 टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत थेट भरला जायला हवा आणि तो सज्ञान झाल्यावर त्याला मिळतो. अमेरिकेत ही काळजी घ्यावी लागली ती जॅकी कूगनमुळे : चॅप्लिनबरोबर गाजलेल्या या मुलाची कमाई आई आणि सावत्र वडिलांनी उडवली, आणि 1939 मध्ये कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला. आता तिथे 15 टक्के ठेवतात. या बाबतीत आपला आकडा मोठा आहे, अंमलबजावणीचं मात्र पालकांनीच पासबुक बघून ठरवावं.

प्रश्न : एवढी खटपट करण्यापेक्षा असल्या सिनेमांत मुलं घेऊच नयेत. पूर्वी असली थेरं नव्हती.
– एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी

आजोबा, पूर्वीचंच बघू, तेही आपल्याच जिल्ह्यातलं. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (1913) मधला रोहिदास म्हणजे त्यांचा मुलगा भालचंद्र. राज्य गेलेल्या बापाचं, विकल्या गेलेल्या आईचं आणि स्वतः मरण पावणाऱ्या मुलाचं ते कथानक. विषय कोवळा अजिबात नाही. पुढे 'कालिया मर्दन' (1919) मध्ये कृष्ण झाली त्यांची लेक मंदाकिनी, आणि त्या चित्रपटाच्या सुरुवातीला फाळक्यांनी आधी त्या सात वर्षांच्या मुलीचा चेहरा वेगवेगळे भाव करताना दाखवला, मग तिचा कृष्ण केला. ही मुलगी आहे आणि हे तिचं सोंग, असा तो खुलासाच झाला. आजच्या निर्मात्यांना तेवढं सुचलं तरी पुष्कळ.

मुलांवरच्या अन्यायाचे सिनेमे मुलांशिवाय केले, तर पडद्यावर फक्त हळहळणारी मोठी माणसं उरतील. तुमचं म्हणणं जिथे शंभर टक्के खरं आहे ती जागाही सांगतो. लैंगिक कृती, ती खोटी खोटी असली तरी, अठरा वर्षांखालच्या कुणाकडूनही करवून घेऊन वासनेसाठी दाखवणं हा 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार गुन्हा आहे. पालकांच्या सहीने तो पुसला जात नाही. कलेच्या नावाखाली असल्या सीमारेषेवर मुलाला उभं करणाऱ्यांना आमचाही नकारच. सेन्सॉरच्या मार्गदर्शक तत्त्वांतही मुलं हिंसेचे बळी, हिंसा करणारी किंवा बळजबरीने ती पाहणारी असल्याची दृश्यं विनाकारण दाखवू नयेत असं आहे. सेटवर मुलाशी गैरवर्तन होताना दिसलं तर 1098 ही मुलांसाठीची फोन-हेल्पलाइन बघ्यांसाठीही आहे.

प्रश्न : माझा तेरा वर्षांचा भाचा दंगलीवरच्या एका सिनेमात आहे. सिनेमाला 'ए' प्रमाणपत्र मिळालं तर तो स्वतःचाच सिनेमा बघू शकणार नाही, हे खरं का? आणि वर्गातली मुलं चिडवतील याची त्याच्या आईला धास्ती आहे.
– मावशी, सिडको

खरं आहे. 'ए' म्हणजे अठरा पूर्ण झालेल्यांनाच चित्रपटगृहात प्रवेश, त्यात काम केलेलं असलं तरी. 2023 च्या दुरुस्तीनंतर 'यूए' चे 7+, 13+ आणि 16+ असे भाग झाले. तिथे पालकांनी विचार करून न्यायचं असतं. 'ए' चा अंदाज असेल तर संकलन चालू असतानाच भाच्याला त्याचे स्वतःचे प्रसंग संकलकाच्या टेबलावर बघायला मिळावेत, अशी अट आधीच घाला. आपण काय केलं आणि त्याचं काय झालं हे पोरांना बघायचं असतंच. नाही दाखवलं तर ती मोबाइलवर चोरून, अर्धवट बघतात.

आईची धास्ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. 'द काइट रनर' (2007) मध्ये एका मुलावर बलात्कार होतो. काबूलमधल्या बालकलाकारांवर घरी हल्ले होतील या भीतीने निर्मात्यांनी प्रदर्शन नोव्हेंबरवरून डिसेंबरवर ढकललं आणि मुलांना संयुक्त अरब अमिरातीत हलवलं. इतकं टोकाचं आपल्याकडे होईल असं नाही, पण भाच्याला मार बसतानाचे दहा सेकंद कुणीतरी कापून त्यावर विनोदी गाणं चढवेल आणि सोमवारी ते वर्गाच्या ग्रुपवर असेल. म्हणून करारात लिहून घ्या : मुलाचे मारहाणीचे, रडण्याचे, कपडे फाटलेले शॉट ट्रेलरमध्ये, पोस्टरवर आणि रीलमध्ये वापरले जाणार नाहीत, प्रसिद्धीच्या मुलाखतीत त्याला दंगलीबद्दल प्रश्न विचारले जाणार नाहीत, त्याच्या शाळेचं आणि वसाहतीचं नाव कुठेही छापलं जाणार नाही. वर्गशिक्षकांना प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी भेटा, नंतर नको. आणि भाच्याकडून एक वाक्य घोटून घ्या, कुणी चिडवलं तर द्यायचं : "सतरा वेळा पडलो, एकदाही लागलं नाही, तू एकदा पडून दाखव." आकडा त्याचा त्याने घालावा.